समृद्धीचा शेजार

नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर वादच मिटतो. मुंबईकडून नागपूरकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा महामार्ग तयार आहे, जमिनी घेऊन झाल्या आहेत, डोंगर फोडून झाले आहेत. मग त्याच्याच कडेने बुलेट ट्रेनचे रूळ टाकायला हरकत काय? हे मी भाषणांत ऐकलंय, रेल्वेवेड्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलंय आणि समृद्धीवर गाडी हाकताना स्वतःशी म्हटलंही आहे. सपाटीला १२० मीटर रुंदीचा पट्टा, त्यात नुसता मधला दुभाजकच साडेबावीस मीटरचा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या उन्नत मार्गाला साडेसतरा मीटरचा पट्टा लागतो. वजाबाकी कुणालाही येते.

मार्च २०२१ मध्ये मुंबई-नाशिक-नागपूर मार्गाची विमानातून लायडार, म्हणजे लेसर किरणांनी केलेली, मोजणी झाली. तेव्हा लांबी ७४१ किलोमीटर धरली होती आणि मार्ग बराचसा समृद्धीला धरून जाणार असं ठरत होतं. थांब्यांच्या ज्या यादीची चर्चा झाली, तिच्यात नाशिक, शिर्डी, जालना अशी अपेक्षित नावं होतीच; पण मालेगाव जहांगीर, कारंजा लाड आणि मेहकर हीसुद्धा होती. मेहकर वाचून मी फोन दोनदा डोळ्यांजवळ नेला. कारण मी तिथला.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसं घाटावरची किंवा घाटाखालची असतात. रेल्वे घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं त्यांची. आम्ही घाटावरचे, आमच्या तालुक्यात रुळाचा तुकडा नाही. लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे आधी एसटीने शेगाव किंवा जालना गाठायचं, ट्रंक टपावर, डबा मांडीवर, आणि मग फलाटावर चादर पसरून गाडीची वाट पाहायची. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. आमच्याकडे निवडणूक आली की ती मागणी एकदा झटकून उन्हात घालतात आणि मतमोजणी झाली की घडी करून परत ठेवतात.

कारंज्याची गोष्ट तर आणखी मजेशीर. त्या गावात रेल्वे होती. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज, कापूस वाहायला विसाव्या शतकाच्या आरंभी टाकलेली. लोक तिला शकुंतला म्हणायचे. १९९० च्या दशकापर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं तिचा मार्ग एका खासगी कंपनीच्या मालकीचा होता. ती बंद पडली. म्हणजे कारंज्याला पायी चालणाऱ्या माणसाने गाठावी अशा गाडीवरून एकदम ताशी ३०० च्या पुढे उडी मारायची संधी आहे. मधली ब्रॉडगेज पायरीच नाही.

मी या गाडीच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. कारण भावनिक नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. सिंदखेड राजा आमचा शेजारचा तालुका. बातमी आली तेव्हा आमच्या गावातल्या घराघरांतून पुण्याला फोन गेले, कारण प्रत्येक घरातलं कुणीतरी त्याच वाटेवर, तसल्याच बसमध्ये झोपलेलं असतं. विदर्भाची पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, रेल्वेचं आरक्षण मिळत नाही, आणि रात्रभर जागा राहणारा एक चालक सगळ्यांच्या वाट्याचं जागरण करतो. सरळ, रिकामा, एकसारखा रस्ता माणसाला झोप आणतो. रुळावरच्या गाडीत जागं राहण्याची जबाबदारी एकट्या माणसावर टाकलेली नसते. एवढं एक कारण मला पुरतं.

पण रस्त्याच्या कडेने रूळ टाकणं हे नकाशावरच्या बोटाला वाटतं तितकं सोपं नाही. पहिली अडचण वळणाची.

गाडीचा वेग दुप्पट केला की त्याच आरामात घ्यायच्या वळणाची त्रिज्या चौपट लागते. समृद्धीची आखणी ताशी १५० किलोमीटर धरून झाली, प्रत्यक्षात मोटारींना १२० ची मुभा आहे. मुंबई-अहमदाबाद मार्गावर ३२० च्या वेगासाठी वळणाची त्रिज्या किमान सहा किलोमीटर ठेवली आहे. आता महामार्गावर दीड किलोमीटर त्रिज्येचं वळण आलं तर मोटारीतल्या माणसाला ते वळण आहे हेसुद्धा कळत नाही, स्टिअरिंगवरचा हात जरा कलतो इतकंच. त्याच वळणावरून बुलेट ट्रेन न्यायची झाली तर तिला १६० वर यावं लागेल. म्हणजे अर्धा वेग गेला. दर वीस-तीस किलोमीटरला असं करायचं असेल तर ती गाडी बुलेट कसली? म्हणून महामार्गाच्या दुभाजकात खांब उभे करून पूल टाकायची कल्पना जितकी चटकन सुचते, तितकीच चटकन बाद होते. निदान सगळीकडे ती चालत नाही. रूळ महामार्गाला धरून जातात, सोडून जातात, वरून ओलांडून पलीकडच्या अंगाला जातात आणि पुन्हा येऊन मिळतात. प्रत्येक ओलांडणीला लांब गाळ्याचा पूल, कारण सहापदरी रस्ता चालू ठेवून त्याच्या डोक्यावर काम करायचं असतं.

अमेरिकेत लास वेगासहून निघणाऱ्या ब्राइटलाइन वेस्ट या जलद रेल्वेने मात्र हीच दुभाजकाची वाट धरली आहे. वाळवंटातला आंतरराज्य महामार्ग क्रमांक १५, त्याच्या मधल्या पट्ट्यातून सुमारे ३५० किलोमीटर. एप्रिल २०२४ मध्ये कामाचा नारळ फुटला. जमीन सरकारी, घरं नाहीत, शेतं नाहीत. भूसंपादनाचा बखेडा जवळपास नाही. तिथे वळण आलं की वेग सोडून द्यायचा, हा त्यांनी पत्करलेला व्यवहार आहे. आपल्याकडे समृद्धीच्या दोन्ही बाजूंना वाळवंट नाही, सोयाबीन आहे.

दुसरी गोष्ट चढाची, आणि इथे मात्र नवी गाडी चकित करते. कसारा घाट, म्हणजेच थळ घाट, आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात, एक हिसका बसतो, वरच्या बर्थवरचं कुणीतरी जागं होऊन “कसारा आलं वाटतं” म्हणतं. तिथला चढ ३७ ला १. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. दीडशेहून अधिक वर्षं रेल्वे त्या चढाशी झुंजते आहे. शेजारून आग्रा रोड वर चढतो आणि आता त्याच डोंगराच्या पोटातून समृद्धीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा गेला आहे. एकाच घाटात तीन काळ एकमेकांना खेटून उभे आहेत. महामार्गाच्या शेजारी रेल्वे ही कल्पना नवी नाही, ती आपण थळ घाटात केव्हाच राबवली आहे.

जर्मनीतल्या कोलोन-फ्रँकफर्ट मार्गावर चढ आहे २५ ला १. थळ घाटाहून कितीतरी उभा. आणि तिथे बँकर लागत नाही.

कामानिमित्त त्या गाडीत बसलो होतो. २००२ मध्ये सुरू झालेला हा मार्ग ए-३ या ऑटोबानला धरून डोंगराळ मुलखातून जातो. जुनी रेल्वे ऱ्हाइन नदीच्या काठाकाठाने वळणं घेत जाते. ती वाट फार देखणी, पण वेळखाऊ. नव्या मार्गाने जवळपास तासाभराचा वेळ वाचवला. खिडकीतून ऑटोबान दिसत होता. त्यावरच्या मोटारी ताशी १३० ने तरी पळत असतील, पण आमच्या खिडकीतून त्या मागे मागे सरकत होत्या, जणू कुणी रिव्हर्स टाकलाय. डोंगर आला की दोघांची फारकत. रस्ता वळसा घेऊन वर चढतो, गाडी बोगद्यात शिरते, कानात दडे बसतात, आणि बाहेर आलं की रस्ता पुन्हा बाजूला हजर. समोरच्या ट्रेवर कॉफीचा कप होता. एका चढावर पाहिलं तर कॉफीची कड एका बाजूला वर आलेली. कप सरळ, टेबल सरळ, कॉफी तिरकी. आपण किती उभ्या चढावर आहोत हे त्या कपाने सांगितलं, अंगाला काही जाणवलं नाही.

याचं कारण साधं आहे. त्या मार्गावर मालगाड्या नाहीत. गाडी हलकी, तिच्या निम्म्या आसांना मोटारी आणि वेगाचा साठा इतका की हिशेब केला तर थक्क व्हायला होतं. ताशी ३०० ने धावणारी गाडी, घर्षण आणि हवेचा अडसर क्षणभर बाजूला ठेवला, तर मोटारी बंद करूनही साडेतीनशे मीटर उंची चढून जाईल. कसारा ते इगतपुरी चढण आहे सुमारे ३०० मीटरची. म्हणजे नुसत्या धावेच्या जोरावर थळ घाट पार! महामार्गाला परवडणारे चढ जुन्या रेल्वेला परवडत नव्हते, नव्या रेल्वेला परवडतात. रस्ता आणि रूळ यांची सोबत आज शक्य झाली ती मुख्यतः या चढामुळे. वळणाने जे हिरावून घेतलं, त्यातलं थोडं चढाने परत दिलं.

शेजाराचा आणखी एक धोका कागदावर लहान दिसतो. २८ फेब्रुवारी २००१ च्या पहाटे इंग्लंडमध्ये ग्रेट हेक इथे एम-६२ महामार्गावरून एक मोटार घसरली ती थेट खालच्या रेल्वेमार्गावर. चालक रात्रभर झोपलेला नव्हता. आलेली प्रवासी गाडी मोटारीवर आदळून घसरली, समोरून येणाऱ्या मालगाडीला भिडली आणि दहा जण गेले. म्हणून रस्ता आणि जलद रेल्वे शेजारी असतील तिथे मधे मातीचे बांध, काँक्रीटच्या भिंती, अडथळे घालावे लागतात, आणि त्यासाठी दोघांत अंतर सोडावं लागतं. ज्या रस्त्यावर झोपेने इतके बळी घेतले, त्याच्या शेजारी रूळ टाकायचे म्हटल्यावर मला ग्रेट हेक आठवल्याशिवाय राहत नाही. मार्ग उंच खांबांवरून नेला तर हा धोका बराच घटतो. खर्च वाढतो, तो वाढू द्यावा.

पण या सगळ्या इंजिनिअरांच्या अडचणी आहेत आणि इंजिनिअर त्या सोडवतात. मला जास्त काळजी वाटते ती स्टेशनांची. महामार्ग गावं टाळण्यासाठी बांधतात आणि रेल्वे गावं गाठण्यासाठी. हे दोघं पूर्ण वाटभर एकमेकांचा हात धरून चालले तर कुणीतरी एक आपलं काम विसरलंय असं समजावं.

उत्तर फ्रान्समध्ये पॅरिसहून लिलला जाणारा टीजीव्ही या जलद गाडीचा मार्ग १९९३ पासून ए-१ महामार्गाच्या कडेने धावतो. त्यावर पिकार्डी प्रांतासाठी एक स्टेशन बांधलं, आमियाँ आणि सें-काँतँ या दोन शहरांच्या मधोमध, दोघांपासून जवळजवळ चाळीस-चाळीस किलोमीटर. चारी बाजूंना बीटची शेतं. लोकांनी त्याचं नाव पाडलं ‘बीटचं स्टेशन’. ना जुन्या रेल्वेची जोड, ना वस्ती. दोन्ही शहरांना बरोबर सारख्याच गैरसोयीचं! कोलोन-फ्रँकफर्ट मार्गावरही दोन राज्यांनी एकेक थांबा पदरात पाडून घेतला. माँटाबाउर आणि लिंबुर्ग. माँटाबाउर हे पंधरा हजारांच्या आतलं गाव, आपल्या तालुक्याच्या ठिकाणाहूनही लहान. पण तिथे नव्या स्टेशनाला जुनी लोकल रेल्वे आणून जोडली. आज माणसं तिथे राहून कोलोन-फ्रँकफर्टला नोकरी करतात. लिंबुर्ग मोठं, पण तिथली जलद गाडी गावाबाहेर थांबते आणि लोकल गावातल्या जुन्या स्टेशनात. मधे बसने जा. एकाच मार्गावरची शेजारची दोन स्टेशनं. फरक फक्त जुन्या रुळाची जोड मिळाली की नाही याचा.

आता आपल्याकडे पाहा. समृद्धी नाशिकला शिवतच नाही, ती सिन्नर-इगतपुरीकडून निघून जाते. छत्रपती संभाजीनगरला ती उत्तरेकडून, सावंगीवरून जाते आणि रेल्वे स्टेशन शहराच्या दक्षिण टोकाला. शिर्डीसाठी महामार्ग सोडायचा तो कोकमठाणला. मुंबईचं टोक आमण्याला, भिवंडी तालुक्यात, नागपूरचं शिवमडक्याला. समृद्धीने गेलेल्या कुणालाही विचारा, नागपूर ते आमणे वेळेत होतं, खरा प्रवास आमण्यानंतर सुरू होतो. रेल्वेने महामार्गाच्या या सवयी उचलल्या तर ती आमण्याला थांबणारी गाडी होईल. लास वेगासवाल्यांची गाडीही लॉस एंजेलिसमध्ये जाणार नाही, शहराच्या पूर्वेला बऱ्याच अलीकडे रँचो कुकामोंगाला थांबणार आहे. तिथून पुढे लोकल पकडा. उघड्या रानातले सहाशे किलोमीटर शेजाराने स्वस्त पडतात, मान्य. पण तिथे वाचलेला पैसा शहरात शिरणाऱ्या शेवटच्या चाळीस किलोमीटरला घालायची तयारी हवी. मुंबई-अहमदाबाद मार्गाने ते करायला घेतलंय. वांद्र्याच्या बीकेसीपर्यंत जमिनीखालून जायला २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले सात ठाणे खाडीखालून. महाग आहे, पण स्टेशन शहरात आहे.

मेहकरपुरतं मात्र मी हावरट आहे. आम्हाला शहरात वगैरे नको, फर्दापूरच्या टोलनाक्यापाशी थांबली तरी चालेल. फक्त लोणार, सिंदखेड राजा, चिखलीच्या एसट्या गाडीच्या वेळेला तिथे लागल्या पाहिजेत. आठ-दहा एसट्यांचं वेळापत्रक बुलेट ट्रेनपेक्षा अवघड आहे, हे एसटीने वाढलेला माणूस म्हणून सांगतो.

राहिली जमीन. आमच्या मोठेबाबांचं वावर समृद्धीने मधून कापलं. थेट खरेदी झाली, सरकारी दराच्या पाचपटीपर्यंत भाव मिळाला. खोटं कशाला बोला, त्या पैशात घर झालं, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, मळणीयंत्र आलं. सिन्नरकडच्या शिवड्यासारखा कडवा विरोध आमच्याकडे नव्हता. पण पलीकडे पावणेदोन एकराचा एक लांबट तुकडा उरला. तिथे जायचं तर आधी गावाकडे उलटं यायचं, मग बोगद्यातून पलीकडे, मग कुंपणाकडेने पुन्हा मागे. समोर दिसतं, हाक मारली तर ऐकू जातं, पण बैलगाडीला अर्धा तास. विहीर अलीकडे, म्हणून पाण्याचा पाइप मोरीतून नेलाय. रोही पूर्वी सरळ रानात निघून जायचे, आता कुंपणापाशी अडकतात आणि त्याच तुकड्यातल्या हरभऱ्यावर ताव मारतात.

रूळ महामार्गाच्या कडेने जाणार म्हणजे त्या तुकड्याच्या पलीकडून किंवा त्याच्यावरून. वळणाचं गणित पाहता रूळ कुंपणाला चिकटून राहणार नाहीत, कुठे तीस मीटर सुटतील, कुठे दीडशे. त्या मधल्या चिंचोळ्या पट्टीचं काय, हा प्रश्न भूसंपादनाच्या कागदात मावत नाही, कारण ती पट्टी कुणाला लागतच नाही. तिला ना पुरा भाव, ना धड वाट. रेल्वेखालचा बोगदा रस्त्याखालच्या बोगद्याच्या समोर आला नाही, तर ट्रॅक्टर एकातून निघून दुसरा शोधत फिरेल. महामार्गाच्या मोरीतून येणारं पावसाचं पाणी पुढच्या भरावाला तटलं तर पट्टीचं तळं होईल. कोलोन-फ्रँकफर्टच्या खिडकीतून असल्या पट्ट्या मी पाहिल्या. बहुतेक ठिकाणी झाडं लावून टाकलेली. तिथे कुणाचा हरभरा होता का, ते खिडकीतून दिसत नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा मोठेबाबांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी त्रिज्या-बिज्या ऐकून घेतली.

“वरून मोजून गेले म्हन्तात,” ते म्हणाले. “खालून काहून नाही आले कोनी?”

“अजून काही नक्की नाही, मोठेबाबा. नुसता अभ्यास झालाय.”

“मंग अभ्यासातच लिहा म्हना. घ्यायचं तं समदं घ्या, एकखेपी. हा तुकडा ठेवता अन् तो कापता, असं दर दहा वर्साले नको.”

मला हे म्हणणं इतकं रास्त वाटलं की तिथेच बसून अर्ज लिहिला. रेल्वेमार्ग झाल्यास दोन्ही कुंपणांमध्ये अडकणारं उर्वरित क्षेत्रही संपादनात घ्यावं, अथवा दोन्ही बोगदे समोरासमोर द्यावेत. गट नंबर, क्षेत्र, सोबत सातबाऱ्याची प्रत. दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज शांतपणे वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, “हे कोणत्या अधिसूचनेच्या संदर्भात?” अधिसूचना नाहीच म्हटल्यावर त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण अर्ज परत देताना त्यांनी त्याला टाचणी लावून दिली.

मोठेबाबांना येऊन सांगितलं. ते म्हणाले, “तारीख खोड. तारखेची जागा रिकामी ठेव. मी सही करून ठेवतो, ते आले का तू तारीख टाक.”

“आणि तोवर रूळ दुसऱ्या अंगाला गेले तर?”

“मंग नाव खोड अन् तिकडच्या वावरवाल्याले दे. लिहायचं तं तेच हाये ना.”

अर्जाच्या चार झेरॉक्स काढून आणल्यात.